डोक्यातला किडा

आपल्या मराठीत परजीवींची काही कमी नाही. फुकट खाणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो. पाठ न सोडणारा माणूस गोचिडीसारखा चिकटतो, सावकार जळवेसारखं रक्त पितो, आणि एखाद्याला भलतंच वेड लागलं की त्याच्या डोक्यात किडा वळवळतो. मंडळाच्या एका बैठकीत आम्ही या शब्दांवर तासभर हसत बसलो होतो. मी मात्र शेवटच्या वाक्प्रचाराला हसले नाही. कारण माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात खरोखरच किडा निघाला होता.

हा लेख त्या किड्याबद्दल आहे. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे इथे औषधाची चिठ्ठी मिळणार नाही. पण परजीवी माणसाच्या शरीरात शिरतो कसा आणि त्याची वाट चुकीची समजली की माणसामाणसांत काय होतं, हे मी घरातच पाहिलं. तेच सांगते.

त्या सकाळी

भाऊ तेव्हा नववीत होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेली. दात घासता घासता तो मोरीपाशी कोसळला. हात-पाय आवळले, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. आई किंचाळली. समोरच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर चप्पल त्याच्या नाकाशी धरली. कुणीतरी कांदा आणा म्हणालं. कुणीतरी दातांत चमचा घालायला निघालं. दोन-तीन मिनिटांत फिट थांबली, पण आम्हाला ती दोन तासांसारखी वाटली.

आज मला माहीत आहे की यातलं काहीच करायचं नसतं. फिट आलेल्याला एका कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, गळ्याशी आवळलेलं काही असेल तर सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर तडक दवाखाना गाठायचा. पहिल्यांदाच फिट आली असेल तर ती थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवायचंच. एवढं जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुरे.

आजी म्हणाली, "लेकराला कुणाची तरी नजर लागली." मावशीने फोनवर एका बाबांचा पत्ता दिला. बाबा मात्र काही न बोलता रिक्षा घेऊन आले आणि आम्ही दवाखान्यात गेलो. डोक्याचा स्कॅन झाला. काळ्या-करड्या चित्रात एक बारीकसं पांढरं कडं होतं आणि त्याच्या आत एक ठिपका. अंगठीत खडा बसवावा तसा.

तिथले डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "मेंदूत किड्याची गाठ आहे. डुकराच्या मांसातून येतो हा किडा. घाबरू नका, गोळ्यांनी जाईल."

शेवटचं वाक्य आईला ऐकूच गेलं नाही.

आरोपी सापडला

आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. मग डुकराचा किडा आला कुठून? आईला उत्तर शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. भावाचा जिवलग मित्र ख्रिस्ती आहे. शाळा सुटल्यावर दोघं त्याच्या घरी अभ्यासाला बसत. नाताळला त्यांच्याकडे पोर्क शिजतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

"तू तिथे खाल्लंस ना? खरं सांग." आईने दवाखान्याच्या व्हरांड्यातच विचारलं. भाऊ अजून झोपेतल्यासारखा होता. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. आईचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून त्या घरी जाणं बंद. मित्र भेटायला आला तर आईने दारातूनच सांगितलं, "तो झोपलाय." त्याच्या आईने फोन केला, तो आईने उचलला नाही.

मी आबिड्सच्या ज्या कॉलेजात शिकते, तेही मिशनचंच. माझ्या डब्यात रोज चार जणींचे हात असतात आणि त्यांतल्या दोघी दर रविवारी चर्चला जातात. सोमवारी मी डबा उघडला आणि पहिल्यांदाच माझा हात थबकला. मैत्रिणीच्या भातावरून माझी नजर तिच्या बोटांकडे गेली. मला माझीच लाज वाटली. म्हणून जेवण अर्धवट टाकून मी थेट प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे गेले आणि विचारलं, "मॅडम, फीतकृमी मेंदूत जातो कसा?"

त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. मग त्याच्या बाजूने एक फाटा काढला. सगळा घोटाळा त्या फाट्यात होता.

वर्तुळ आणि फाटा

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. तसे पाहिले तर जिवाणू-विषाणूही हेच करतात. पण परजीवीशास्त्रात साधारण तीन गट धरतात. एक, हिवतापाचा किंवा आमांशाचा जंतू असतो तसे एकपेशीय आदिजीव. दोन, कृमी, म्हणजे आपले जंत. तीन, अंगावर राहणारे उवा, गोचीड, खरजेचे किडे.

यांतल्या बऱ्याच जणांचं आयुष्य एका घरात पुरं होत नाही. लहानपण एका प्राण्यात, मोठेपण दुसऱ्यात. डुकराच्या फीतकृमीचंही तसंच. मोठा कृमी राहतो माणसाच्या आतड्यात. फितीसारखा चपटा, दोन ते सात मीटर लांब. त्याच्या शेपटाकडचे तुकडे तुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि त्यांत हजारो अंडी असतात. उघड्यावरची घाण डुकराने खाल्ली की ती अंडी डुकराच्या पोटात जातात. तिथे अळ्या बाहेर येतात, रक्तातून स्नायूंत शिरतात आणि साबुदाण्याएवढ्या पाण्याच्या पिशव्या करून बसतात. ते मांस माणसाने कच्चं किंवा अर्धवट शिजवून खाल्लं, की पिशवीतली अळी माणसाच्या आतड्यात मोठी होऊन पुन्हा लांबलचक कृमी होते. वर्तुळ पुरं झालं.

आता नीट पाहा. या वर्तुळात मांस खाणाऱ्याला काय होतं? आतड्यात कृमी होतो. मेंदूत गाठ होत नाही.

मेंदूतली गाठ होते ती फाट्यावर. कृमीची अंडी डुकराऐवजी माणसाच्याच तोंडात गेली तर? अंड्याला काय कळतं हे पोट डुकराचं आहे की माणसाचं! अळी बाहेर येते, रक्तात शिरते आणि मिळेल तिथे जाऊन बसते. स्नायूत, डोळ्यात, मेंदूत. म्हणजे इथे माणूस डुकराच्या जागी उभा असतो. आणि अंडी येतात ती मांसातून नव्हे, तर ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या शौचातून. नीट न धुतलेल्या हातातून, सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतून, दूषित पाण्यातून. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याचा स्वतःचा हातही त्याच्याच तोंडात अंडी नेऊ शकतो. डोळ्यांना ती दिसत नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीवर, कोशिंबिरीत, गाड्यावरच्या कापलेल्या काकडीवर, कुठेही असू शकतात.

"म्हणजे मॅडम, शाकाहारी माणसालासुद्धा?"

"शाकाहारी माणूस पालेभाजी जास्त खातो की कमी?" त्यांनी उलट विचारलं.

मग त्यांनी न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. १९९०-९१ च्या सुमारास तिथल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या काही लोकांना फिट येऊ लागल्या आणि त्यांच्या मेंदूत याच कृमीच्या गाठी निघाल्या. ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांत ते शिजलेलं नाही. डॉक्टर चक्रावले. तपास केला तेव्हा कळलं, की या कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्या घरकामगारांपैकी काहींच्या पोटात तो होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण आतड्यातला फीतकृमी बहुधा फारसा त्रास देत नाही. स्वयंपाक करताना हाताला लागलेली अंडी ताटापर्यंत पोचली होती.

ही गोष्ट ऐकून मला बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. कारण मी घरी हे सांगितलं असतं तर आईचं बोट मित्राच्या घरावरून उठून आमच्या भांडीवाल्या ताईंकडे वळलं असतं. मॅडमना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "कुणाच्या हातून आलं ते तुला कधीच कळणार नाही. गाठ मेंदूत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसते. अळी जिवंत असते तोवर शरीराला चाहूल लागू देत नाही. ती मरायला लागते तेव्हा सूज येते आणि फिट येते. तीन वर्षांपूर्वी कुठल्या लग्नात कुठली चटणी खाल्ली, हे कोण सांगणार?"

बेगमपेटची खोली

आपण हैदराबादकर आहोत म्हणून यापुढची गोष्ट सांगितलीच पाहिजे. परजीवीची खरी वाट शोधण्याचं जगातलं एक मोठं काम आपल्या आबिड्सपासून थोड्या अंतरावर झालं आहे. नामपल्लीहून मेट्रो धरा, अमीरपेटला बदला, पुढचंच स्टेशन बेगमपेट. जुन्या विमानतळाजवळच्या त्या वास्तूला आज सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे आणि ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे.

रॉस यांचा जन्म १८५७ साली अल्मोड्याचा. लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. त्या काळी हिवताप घाणेरड्या हवेने होतो असं लोक मानत. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. आपला 'हिवताप' हा शब्द त्या मानाने प्रामाणिक. तो कुणावर आळ घेत नाही, फक्त हीव भरतं आणि ताप येतो एवढंच सांगतो.

१८८० साली लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला. पण तो रक्तात येतो कसा, हे कोडं होतं. पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना हत्तीपायाच्या कृमीची पिल्लं डासाच्या पोटात वाढताना पाहिली होती. त्यांना वाटलं, हिवतापातही डासच असावा. १८९४ साली लंडनमध्ये त्यांनी हे रॉस यांना सांगितलं. पण मॅन्सन यांचीही समजूत अर्धवट होती. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी माणूस पितो, असं त्यांना वाटे. रॉस यांनी तसे प्रयोगही केले, म्हणजे डास मेलेलं पाणी माणसांना पाजलं. हाती काही लागलं नाही.

१८९५ पासून रॉस सिकंदराबादेत डास फाडून पाहत होते. मध्ये पटकीच्या साथीसाठी त्यांना बंगळूरला धाडलं, मध्ये त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. पंखा ओढायचीही सोय नव्हती, कारण वाऱ्याने डास उडून जात. आणि इतके महिने ते ज्या जातीचे डास फाडत होते, ती जातच चुकीची होती.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे वेगळे डास हाती आले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने पैशांच्या बदल्यात ते डास आपल्या अंगावर चावू दिले, प्रत्येक डासामागे एक आणा. २० ऑगस्टला त्यांतला एक डास रॉस यांनी फाडला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. तोच परजीवी, डासाच्या अंगात वाढत असलेला. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी दाखवलं, की परजीवी शेवटी डासाच्या लाळग्रंथीत येतो आणि चाव्यातून पुढे जातो. माणसाच्या हिवतापाचं चक्र ॲनॉफिलिस डासातून पुरं होतं, हे त्याच सुमारास इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. १९०२ चं नोबेल रॉस यांना मिळालं. २० ऑगस्ट आजही जागतिक डास दिन म्हणून पाळतात.

मला यात हुसेन खानचं नाव फार महत्त्वाचं वाटतं. नोबेल एकाला मिळालं, पण रक्त दुसऱ्याचं होतं. त्याला त्या आण्यांशिवाय काय मिळालं, कोण जाणे.

आणि दुसरी गोष्ट वाटते ती ही. हवेला दोष देणारे लोक मूर्ख नव्हते. दलदलीजवळ ताप जास्त येतो, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. फक्त दलदल आणि ताप यांच्यामधला डास त्यांना दिसला नव्हता. माझ्या आईने 'डुक्कर' आणि 'किडा' यांच्यातला संबंधही बरोबरच ऐकला होता. मधला माणसाचा हात तिला कुणी दाखवला नव्हता.

आजीचा नारू

घरी मी कागदावर वर्तुळ आणि फाटा काढला. आई ऐकत होती, पण चेहरा दगडासारखा. "तुझ्या पुस्तकात असेल," म्हणाली. तिला पटवलं ते पुस्तकाने नाही, आजीने.

आजीचं माहेर नांदेडकडचं. तिच्या डाव्या घोट्यावर एक जुना वण आहे. लहानपणी तो मला सुरकुतलेल्या नाण्यासारखा वाटायचा. त्या संध्याकाळी तिने पाय पुढे केला. "हा बघ, नारूचा."

आपल्या पिढीने नारू पाहिला नाही, हे आपलं भाग्य. मराठवाड्यात, तेलंगणात, राजस्थानात पायऱ्यांच्या विहिरी होत्या. लोक खाली उतरून, पाय पाण्यात बुडवून घागर भरत. नारू झालेल्याच्या पायाला फोड येई, आग होई. थंड पाण्यात पाय घातला की फोड फुटे आणि आतली मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडे. ती पिल्लं पाण्यातले बारीक जलपिसू खात आणि ते पाणी माणूस पिई. मग वर्षभर काही नाही. वर्षाने पुन्हा फोड, आणि त्यातून दोऱ्यासारखा, मीटरभर लांब होणारा कृमी. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. ओढताना तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस खाटेवर!

"आमच्याकडं म्हणायचे, अमक्याच्या हातचं पाणी पिलं म्हणून नारू झाला," आजी म्हणाली. "वेशीबाहेरच्यांना बोल लावायचे. विहीर तर सगळ्यांची तीच होती. पाय आमचेबी त्यातच होते."

खोलीत कुणी काही बोललं नाही.

नारूवर लस नव्हती, कृमी मारणारं औषधही नव्हतं. तरी तो गेला. कशाने? दुहेरी फडक्यातून पाणी गाळल्याने, कारण जलपिसू कापडात अडकतात. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवल्याने, पाण्यात जलपिसू मारणारं औषध टाकल्याने, आणि गावोगाव फिरून रुग्ण शोधल्याने. राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जगात १९८०च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. आता तो आकडा दोन अंकी झाला आहे. एक रोग फडक्याने हरवला! शहाण्या बायका पाणी गाळतच होत्या. विज्ञानाने फक्त ते का करायचं आणि प्रत्येकाने का करायचं, हे सांगितलं.

आता आपण काय करायचं

तर मंडळी, प्रत्येक परजीवीची शरीरात शिरायची वाट ठरलेली असते. वाट कळली की दार लावता येतं. आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे पाहा.

*गोल जंत* : अंडी मातीत पडतात, तिथे काही आठवड्यांत पिकतात आणि न धुतलेल्या हाता-भाजीतून तोंडात जातात. अळ्या आतड्यातून रक्तावाटे फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर वर येऊन गिळल्या जातात आणि पुन्हा आतड्यात पोचतात. दार : साबणाने हात, धुतलेली भाजी, कापलेली नखं.

*अंकुशकृमी* : बहुधा तोंडाने येत नाहीत. ओल्या मातीतल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. दार : पायात चप्पल, आणि अर्थात शौचालय. चप्पल पायात घालायची असते, नाकाशी धरायची नसते!

*हिवताप आणि हत्तीपाय* : दोन्हींत डास, पण वेगळे. हिवतापाचा ॲनॉफिलिस, हत्तीपायाचा क्यूलेक्स. हत्तीपायाची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून तपासणीवाले रात्री दार वाजवतात. त्यांना हाकलू नका. हिवतापाच्या एका प्रकारात परजीवी यकृतात दडून राहतो, म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण घ्यायचं. दार : मच्छरदाणी, साचलेल्या पाण्याचा निचरा.

*डुकराचा फीतकृमी* : पोर्क खाणाऱ्यांनी ते आतपर्यंत नीट शिजवावं, त्याने अळ्या मरतात. आणि सगळ्यांनीच, खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनी, शौचानंतर व स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत, पालेभाजी वाहत्या पाण्यात पान पान सुटं करून धुवावी. शिजवली तर उत्तमच. ज्या भागांत माणसं आणि मोकाट डुकरं शेजारी शेजारी राहतात, तिथल्या अनेक ठिकाणी फिटच्या रुग्णांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांच्या मागे हाच कृमी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तेवढ्या फिट टाळता येण्यासारख्या आहेत.

शाळेत १९ वर्षांखालच्या मुलांना जंतनाशक दिनी, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, जी गोळी देतात ती जरूर घ्यावी. पण एक सावधगिरी : ज्याला फिट येतात किंवा डोक्यात गाठ असल्याची शंका आहे, त्याने ती आपल्या मनाने घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं. गाठीतली अळी औषधाने मरू लागली की सूज वाढते आणि फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी फिटचं औषध सुरू करतात आणि सूज कमी करणारी औषधं सोबत देतात.

भावालाही तसंच दिलं. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा कड्याच्या जागी फक्त एक पांढरा ठिपका उरला होता. फिटच्या गोळ्या अजून चालू आहेत. रात्री गोळी घ्यायला विसरला तर आई त्याला झोपेतून उठवते.

आणि आईचं? तिने कुणाची माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडच्या आया तशी मागत नाहीत. त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिने तुपातल्या करंज्या केल्या. दिवाळी होऊन गेलेली, आणि संक्रांतीलाही करंज्या नसतात. मी विचारलं, "आज कशाला गं?" तिने डबा भावाच्या हातात दिला आणि म्हणाली, "जा, त्यांच्या घरी सण आहे. आणि तिथे काही खाशील तर हात धुऊन खा."

मग स्वतःच थांबून म्हणाली, "घरी पण धूत जा."